सोनेरी झाक म्हणून विकलेला आजार

डिसेंबरमध्ये मुलीच्या वाढदिवसाला तिला बेट्टा मासा हवा होता. बडोद्यातल्याच एका दुकानात काचेच्या छोट्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. साध्या निळ्या बेट्टाचे १५० रुपये. शेजारच्या बरणीतही निळाच मासा होता, पण त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर बारीक सोनेरी चमक होती. "बेन, आ तो गोल्ड डस्ट छे, स्पेशल," दुकानदार म्हणाला आणि ७०० सांगितले. बरणीतलं पाणी निळसर होतं. विचारलं तर म्हणाला, मासा ताजा राहावा म्हणून औषध घातलंय. तिथेच मला शंका यायला हवी होती, पण मुलीचा चेहरा इतका फुलला होता की मी पैसे देऊन टाकले. बिल घेतलं नाही.

तिनं त्याचं नाव नीळू ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो दगडाला अंग घासू लागला. पर अंगाशी मिटलेले, दाणे टाकले की तोंड फिरवायचा. शिवाय सारखा पाण्याच्या वरच्या थराशी टेकून राहायचा. दुकानात जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, बेट्टा वर येऊनच श्वास घेतो, काळजी नको.

हे अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच आम्ही फसलो. बेट्टाला हवेतून श्वास घेणारा अवयव असतो. तो मधूनमधून वर येतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. पण वरच तरंगत राहणं आणि कल्ले भराभर हलणं हा श्वासाचा त्रास आहे. हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर!

दुकानदारानं मला २५० रुपयांचं निळं "टॉनिक" दिलं. बाटलीवर लेबल नाही, किती लिटरला किती थेंब तेही नाही. चार दिवसांनी १८० रुपयांच्या कॅप्सूल. वर सल्ला असा की रोज सगळं पाणी बदला. मी नळाचं क्लोरीनवालं पाणी तसंच ओतत राहिले, म्हणजे आजारी जिवाला आणखी त्रास दिला. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात थंडीत पाणी २० अंशांपर्यंत उतरत होतं, बेट्टाला तर २५ ते २८ लागतं. हीटरचं नावही त्यानं काढलं नाही.

शेवटी शेजारचा मुलगा आला. तो एम. एस. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकतो. त्यानं खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च बाजूनं धरला. नीळूच्या अंगावर पिठासारखी बारीक, गंजाच्या रंगाची धूळ दिसली. "काकू, ही माशाची वेगळी जात नाही, हा वेल्वेट नावाचा आजार आहे." एक परजीवी कातडीला आणि कल्ल्यांना चिकटतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारात मिठाच्या कणांसारखे वेगवेगळे ठिपके दिसतात, वेल्वेटमध्ये मात्र अंगावर पूट चढल्यासारखं वाटतं.

या परजीवीत हरितद्रव्य असतं, उजेड त्याला उपयोगी पडतो, म्हणून आम्ही टाकी कापडानं झाकली. पाणी हळूहळू २८ अंशांवर आणलं. तांबं असलेलं लेबलवालं औषध लिटर मोजून घातलं, कारण ते जास्त झालं तर मासाच मरतो. गोगलगायी आधी बाहेर काढल्या, तांबं त्यांना सहन होत नाही. कातडीला चिकटलेल्या परजीवीला औषध लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून मासा बरा दिसला तरी दोन आठवडे उपचार चालू ठेवावा लागतो.

नीळूला या उपचारांचे चारच दिवस मिळाले. पहिल्याच दिवशी ओळखलं असतं तर तो वाचण्याची बरीच शक्यता होती.

मी ती बाटली घेऊन दुकानात गेले. बिल नाही तर काही नाही, असं त्यानं सुनावलं. यूपीआयवर पैसे दिल्याची नोंद होती, पण मासा काय सांगून विकला ते त्यात कुठे लिहिलेलं असतं? पुढच्या रांगेतल्या सोनेरी बरणीवर मी टॉर्च धरला, तर तो आडवा आला. "बेन, माछली डरी जशे." एका लहान मुलाचे वडील तीच बरणी हातात घेऊन उभे होते. त्यांना सगळं सांगितलं आणि टॉर्च दिला. त्यांनी बरणी खाली ठेवली.

परवा त्या रस्त्यानं गेले, तर पुढच्या रांगेत दोन सोनेरी बरण्या होत्या. पाणी निळसरच होतं.