सोसायटीची बिलं स्क्रिप्टने मेल करायची: अ‍ॅप्स स्क्रिप्ट, पायथन की एसईएस?

प्रत्येक सभासदाला त्याच्या नावाचं, त्याची थकबाकी दाखवणारं, नीट तक्त्यात मांडलेलं मेंटेनन्स बिल दर महिन्याला मेलने पाठवायचं असेल, तर ते काम हाताने करण्यात काही अर्थ नाही. स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहाच. कोणती, हे दोन गोष्टींवरून ठरवा: हिशेब कुठे ठेवलाय आणि मेल किती जणांना जाणार. प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती येते, हा प्रश्न त्यानंतरचा.

हिशेब गूगल शीटमध्ये असेल तर त्यातच स्क्रिप्ट लिहायची गूगलची सोय, म्हणजे अ‍ॅप्स स्क्रिप्ट घ्या, फार विचार करू नका. शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूतूनच एडिटर उघडतो. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पासवर्ड कुठे लिहून ठेवावा लागत नाही. ‘मेलअ‍ॅप’ला पत्ता, विषय, साधा मजकूर आणि ‘एचटीएमएलबॉडी’ (वेबपानाच्या एचटीएमएल भाषेत मांडलेला मजकूर) दिली की बिल रवाना. एक तारखेचा ट्रिगर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लावला की तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी काम होतं.

अडचण मर्यादेची आहे. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 100 प्राप्तकर्ते, आणि यात सीसीही धरतात. 60 फ्लॅट आणि प्रत्येक बिलाची सीसी खजिनदारांना, म्हणजे 120 झाले, उरलेल्यांना उद्या. गूगलच्या सशुल्क वर्कस्पेस (संस्थांसाठीच्या) खात्याला 1500 मिळतात. दुसरं म्हणजे ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच खात्यातून चालतो. समिती बदलली तरी बिलं जुन्या सेक्रेटरींच्या नावाने जात राहतील, किंवा त्यांनी परवानगी काढली की बंद पडतील. म्हणून स्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून सोसायटीच्या स्वतंत्र खात्यातच लिहा.

हिशेब एक्सेलमध्ये असेल, किंवा अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाइल निघत असेल, तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बरी. मेल पाठवायची ‘एसएमटीपीलिब’ आणि मेल बांधायची ‘ईमेल’ ही दोन्ही पॅकेजं पायथनसोबतच येतात. एक्सेल वाचायला ‘ओपनपायएक्सएल’ आणि बिलाच्या साच्यासाठी ‘जिंजा’ एवढंच वरून लागतं. जीमेलमार्फत पाठवताना नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो कोडमध्ये लिहू नका, कारण अशी फाइल हमखास कुणाला तरी फॉरवर्ड होते. दिवसाची मर्यादा साधारण 500 प्राप्तकर्ते. मात्र स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर चालते, ते ठरल्या वेळी सुरू असायला हवं.

पायथनमध्ये मेलची रचना तुमच्या हातात असते, तिथे एक क्रम पाळा: ‘सेट_कंटेंट’ने आधी साधा मजकूर, मग ‘अ‍ॅड_ऑल्टरनेटिव्ह’ने एचटीएमएल. एकाच मेलच्या या दोन आवृत्त्यांपैकी आपल्याला दाखवता येईल अशी शेवटची आवृत्ती मेलचं अ‍ॅप निवडतं. जुन्या पद्धतीने भाग हाताने जोडताना क्रम उलटा झाला, तर मेहनतीने केलेला तक्ता दिसणारच नाही. साधा मजकूर गाळू मात्र नका. एचटीएमएल बंद ठेवणाऱ्याला तेवढंच दिसतं.

अ‍ॅमेझॉनचं एसईएस, म्हणजे मोठ्या संख्येने मेल पाठवायची सेवा, हजारो पत्ते असणाऱ्यांसाठी आहे. दर हजार मेलना 0.10 डॉलर, म्हणजे पैशांचा प्रश्नच नाही. प्रश्न खटपटीचा आहे. स्वतःचं डोमेन हवं, त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या, नोंदी घालायच्या, आणि सुरुवातीच्या सँडबॉक्समधून (चाचणीपुरत्या मर्यादित खात्यातून) बाहेर पडायला अर्ज करायचा. तोवर दिवसाला 200 मेल, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. एका सोसायटीसाठी हा व्याप करू नये. अनेक सोसायट्यांची बिलं काढणाऱ्या अकाउंटंटने जरूर करावा.

मांडणीचे नियम तिन्हीकडे सारखेच, आणि खरा वेळ तिथेच जातो. विंडोजवरचं जुनं आउटलुक एचटीएमएल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, त्यामुळे फ्लेक्स-ग्रिड या वेबपानांच्या नव्या मांडणीपद्धती विसरा. साधं टेबल घ्या आणि स्टाइल प्रत्येक टॅगमध्येच लिहा. जीमेल वेबफॉन्ट, म्हणजे इंटरनेटवरून उतरवायचा फॉन्ट, आणत नाही. म्हणून फॉन्टच्या यादीत निर्मला यूआय, कोहिनूर देवनागरी आणि नोटो सॅन्स देवनागरी द्या, आणि ओळींमधलं अंतर 1.6 ठेवा, त्याहून फार कमी केलं तर वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला चिकटतात. जुनी परिपत्रकं श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सभासदांना इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल.

सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मेलमध्येच घालणार असाल तर आकार पाहा. जीमेल 102 केबीपुढचा मेल कापतं, आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट घेतं. वर्डमधून थेट पेस्ट केलेल्या मजकुरात फालतू टॅगची भर पडते, मग ही हद्द लवकर येते. इतिवृत्त पीडीएफ करून जोडा.