डाव्या पायाला सुई लागलीच नाही

अमळनेरात माझं इस्त्रीचं दुकान आहे. रोज दहा-अकरा तास उभं राहायचं काम. उजव्या पोटरीवर शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या, संध्याकाळी पाय जड व्हायचा, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडून खाजायची. डाव्या पायावरही थोड्या शिरा दिसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या मंगल कार्यालयात जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलचं मोफत शिबिर लागलं. चिरफाड नाही, टाके नाहीत, लेझरने शिरा बंद, असं बॅनरवर लिहिलेलं. खुर्चीवर बसवून मोबाइलच्या उजेडात पाय पाहिले आणि एवढ्यावर सांगितलं, “भाऊ, यातली रक्ताची गाठ हृदयात जाईल. आठ दिवसांच्या वर थांबू नका.” बायकोचे हातपाय गळाले. दोन्ही पायांचं पॅकेज ७० हजार, शिबिरातून आलेल्यांना ४५. तिची पोत गहाण ठेवून रोख भरले. पावती मिळाली १५ हजारांची.

जळगावला अर्ध्या तासात उरकलं. उजव्या पोटरीत सहा-सात बारीक इंजेक्शनं दिली, पट्टी बांधली, चालत बाहेर आलो. इथेच माणूस फसतो. खऱ्या लेझरनंतरही पेशंट त्याच दिवशी चालतो, टाके नसतात, जखम सुईएवढी. त्यामुळे आत काय केलं, काय नाही, हे बाहेरून कळायला मार्गच नसतो.

तीन महिन्यांत शिरा पुन्हा वर आल्या आणि घोट्याजवळ जखम झाली, भरेचना. आई म्हणाली, “पैसा गयात ते गयात, पहिले पाय दखाड.” धुळ्याच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी मला उभं करून मांडीपासून खाली डॉपलर सोनोग्राफी केली. पोटरी दाबून सोडली की रक्त वर न टिकता खाली परतताना पडद्यावर रंग बदलायचा. जांघेतली झडप निकामी झालेली. तिथून गुडघ्याखाली येणारी मोठी शीर दोन्ही पायांत सताड उघडी होती.

“लेझर झालं असतं तर ही शीर बंद दिसली असती,” ते म्हणाले. मग समजावून सांगितलं. सोनोग्राफीत बघत गुडघ्याच्या आसपास सुईने शिरेत शिरतात, बारीक तार जांघेजवळ नेतात, शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात आणि तार तापवत हळूहळू मागे ओढतात. माझ्या मांडीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. इंजेक्शनने शिरा बुजवणं हाही खरा उपचार आहे, पण तो वेगळा आणि बराच स्वस्त. झडपेतून रक्त खाली परतायची मुख्य गळती तशीच ठेवून पोटरीत चार सुया टोचल्या तर शिरा परत फुगणारच.

मग मी डिस्चार्ज कार्ड नीट वाचलं. ‘लेझर, दोन्ही पाय.’ माझ्या डाव्या पायाचा पायजमासुद्धा वर केला नव्हता हो!

म्हणून कळकळीने सांगतो, उभं करून डॉपलर झाल्याशिवाय आणि कोणती शीर गळते ते लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. लेझरची तार एकदाच वापरायची असते, तिच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून मागा. नंतर पुन्हा डॉपलर करून शीर बंद झाल्याचं दाखवा म्हणा. आठ दिवसांची भीती घालणाऱ्याकडून तर उठूनच या. फुगलेल्या शिरा वर्षानुवर्षं चालतात, चार ठिकाणी विचारायला वेळ असतो. अचानक एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, किंवा शिरेतून रक्त आलं, दम लागला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जखमेवर आता धुळ्याला दाबपट्टी चालू आहे. हॉस्पिटलकडे केसपेपर लेखी मागितले. नियमाने ते ७२ तासांत द्यावे लागतात, मला महिना झाला तरी मिळाले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. अर्ज तयार आहे. त्याला डिस्चार्ज कार्ड आणि धुळ्याचा डॉपलर रिपोर्ट, दोन्ही जोडलेत. सोमवारी जळगावला जाऊन देतो आहे.