स्टीलची रोड बाइक बांधून घेताना: कोरड्या दिवसांची की बारमाही?

फ्रेमबिल्डरकडे जाणारा बहुतेक माणूस पहिला प्रश्न नळीचा काढतो. रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीची ८५३ घ्यावी, ७२५ घ्यावी की कोलंबस या दुसऱ्या कंपनीची? हा प्रश्न खरं तर चौथा-पाचवा यायला हवा. नळी कुठलीही असली तरी सायकल चालते. पण ब्रेक कोणता, टायरला जागा किती, मडगार्डला आटे आहेत की नाहीत, हे एकदा जोडकाम होऊन रंग चढला की बदलत नाही. म्हणून इथे दोन पूर्ण पत्रकं शेजारी-शेजारी ठेवली आहेत. पहिलं ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी ८०-१०० किलोमीटर मारणाऱ्याचं. दुसरं सह्याद्रीतल्या पावसात, शिवाय ३०० आणि ४०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) रात्रभर चालवणाऱ्याचं.

| बाब | हलकी (कोरड्या दिवसांची) | बारमाही |
|---|---|---|
| टायर | २८ मिमी, मडगार्ड नाही | ३२ मिमी मडगार्डसह |
| ब्रेक | रिम, ३९–४९ मिमी रीच (बोल्ट ते पॅड अंतर) | डिस्क, फ्लॅट माउंट (ब्रेक फ्रेमवर सपाट बसतो), १६० मिमी रोटर (ब्रेकची चकती) |
| हब (आसाचा प्रकार, पुढे/मागे मिमी) | क्विक रिलीज, १००/१३० | थ्रू-ॲक्सल, १२×१०० / १२×१४२ |
| चेनस्टे (क्रँकच्या आसापासून मागच्या आसापर्यंतची नळी) | ४१० मिमी | ४३० मिमी |
| बीबी ड्रॉप (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस; तो चाकांच्या आसांच्या किती खाली) | ७० मिमी | ७५ मिमी |
| हेड अँगल (पुढच्या नळीचा कोन) / रेक (फोर्क चाकाला किती पुढे नेतो) | ७३° / ४५ मिमी | ७२° / ५० मिमी |
| गिअर (पुढच्या, मागच्या चकत्यांचे दात) | ५०/३४, ११-३० | ५०/३४, ११-३६ |
| मुख्य नळ्या (भिंतीची जाडी मिमी, टोक/मध्य/टोक) | ०.७/०.४/०.७ | ०.८/०.५/०.८ |

बीबी ड्रॉपमधला फरक पाहून दुसरी सायकल बुटकी वाटेल, पण तसं नाही. ३२ च्या टायरमुळे चाकाची त्रिज्या ३३९ वरून ३४३ मिमी होते. ड्रॉप ५ मिमीने वाढवला की बीबी जमिनीपासून २६८-२६९ मिमीवरच राहतो.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकवर घालवा, कारण बाकी निम्मे आकडे त्यामागून येतात. रिम ब्रेकच्या बाजूने बोलण्यासारखं अजून बरंच आहे. स्टीलच्या फोर्कची बारीक, पुढे वळलेली पाती ज्यांना हवी आहेत, त्यांना ती रिम ब्रेकवरच मिळतील. डिस्क ब्रेकचा सगळा जोर डाव्या पात्याच्या खालच्या टोकावर येतो. त्यामुळे ते पातं जाड घ्यावं लागतं आणि खड्ड्यात लवचिकपणे दबणारा फोर्क हातून जातो. मागेही डावा चेनस्टे किंवा सीटस्टे (सीटखालून मागच्या आसाकडे येणारी नळी) मजबूत करावा लागतो. म्हणजे स्टीलच्या ज्या मऊपणासाठी एवढा खर्च करायचा, त्यातला काही डिस्क खाऊन टाकते. हे कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं.

पावसात मात्र पारडं पूर्ण फिरतं. ओल्या रिमवर पॅड आधी पाणी पुसतात, मग पकडतात. आंबेनळी किंवा वरंधसारख्या घाटाच्या वळणावर हा उशीर महागात पडतो. त्यात रस्त्यावरची लाल माती आणि बारीक खडी पॅडमध्ये रुतते आणि ॲल्युमिनियमची रिम खरवडत जाते. रिमची बाजू आत वळलेली दिसली किंवा झीज दाखवणारी खाच नाहीशी झाली, की रिम बदलायची. हाताने बांधलेलं चाक असेल तर पुन्हा सगळे स्पोक ओवणं आलं. डिस्कला झीज होते ती पॅड आणि रोटरची, आणि तो बदल दहा मिनिटांचा. रेझिन पॅड चिखलात लवकर संपतात, धातूचे पॅड टिकतात पण आवाज करतात. रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी असल्याची सूचना कोरलेली असेल तर त्यावर धातूचे पॅड चालत नाहीत, हे खरेदीआधी बघा.

मधला रस्ताही आहे: ४७–५७ मिमी रीचचे रिम ब्रेक. त्यात २८ मिमी टायर आणि मडगार्ड दोन्ही बसतात. पण सुटे भाग मिळण्याचा प्रश्न आहे. शिमानोची केबलवर चालणारी १२ स्पीडची १०५ (गिअर-ब्रेकचा संच) फक्त डिस्कसाठी आहे. रिम ब्रेक हवा असेल तर मागच्या ११ स्पीडच्या संचावर यावं लागतं. रिम ब्रेकची चाकंही दुकानांतून कमी होत चालली आहेत. दहा वर्षं वापरायच्या फ्रेमसाठी हा मुद्दा लहान नाही. वर्षभर एकच सायकल चालवायची असेल तर आमचं मत डिस्क.

फोर्क नकाशा काढण्याआधी ठरवा. फोर्कच्या माथ्यापासून (क्राउन) चाकाच्या आसापर्यंतचं अंतर हलक्या रिम ब्रेकच्या कार्बन फोर्कमध्ये ३७० मिमीच्या आसपास असतं. मोठ्या टायरच्या डिस्क फोर्कमध्ये ते ३८० च्या पुढे जातं. फ्रेम एका फोर्कसाठी बांधून दुसरा लावला आणि या अंतरात १० मिमीचा फरक पडला, तर हेड अँगल सुमारे अर्ध्या अंशाने सरकतो. सीट अँगलही त्याच्यासोबत सरकतो आणि फिटिंगसाठी मोजलेले आकडे वाया जातात. बारमाही सायकलीत कार्बन फोर्क घ्यायचा तर मडगार्डचे आटे आणि डायनॅमोच्या तारेची वाट कारखान्यातूनच आलेली हवी. कार्बनला नंतर भोक पाडायचं नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी. स्टीलच्या फोर्कला बिल्डर हवं तिथे आटे आणि तारेसाठी भोक करून देतो. वजनात साधारण अर्धा किलो जास्त जातो. रात्रीच्या बीआरएमला दिवे सक्तीचे असतात. ४०० किलोमीटरसाठी २७ तास मिळतात, त्यामुळे त्यात एक पूर्ण रात्र येतेच. म्हणून चाकाच्या हबमध्येच वीज तयार करणाऱ्या डायनॅमो हबचा विचार आत्ताच करा. हेड ट्यूब ४४ मिमीची घेतली तर सरळ आणि निमुळता, दोन्ही स्टीअरर (फोर्कची हेड ट्यूबमध्ये जाणारी नळी) बसतात.

आता भूमिती. ‘५४ ची फ्रेम द्या’ असं सांगू नका. बिल्डरला चार मापं द्या: बीबीपासून सीटची उंची, सीट बीबीच्या किती मागे, सीटच्या टोकापासून हँडलबारपर्यंतचं अंतर आणि सीट-हँडलबारच्या उंचीतला फरक. स्टेम १०० मिमीचा धरून नकाशा काढायला सांगा, म्हणजे पुढे दोन्हीकडे १० मिमी फिरवायला जागा राहते.

तक्त्यातल्या हेड अँगल आणि रेकच्या जोड्यांनी ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला लागते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) अनुक्रमे ५७ आणि ५९ मिमी येतो. म्हणजे हाताला दोन्ही सायकली जवळजवळ सारख्याच वाटतील. फरक पडतो पुढच्या चाकाच्या जागेत. हँडलबार तिथेच ठेवून कोन एक अंशाने कमी आणि रेक ५ मिमीने जास्त केला, तर चाक सुमारे १५ मिमी पुढे जातं. उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास किंवा कमी असणाऱ्यांनी याकडे नीट बघावं. बीबी ते पुढचा आस हे अंतर ६०० मिमीच्या खाली गेलं की वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागणार, असं धरूनच चाला. सरळ वेगात त्रास नाही. पण घाटात नागमोडी चढताना किंवा गर्दीत हळू वळताना माणूस पडतो. क्रँक १७० ऐवजी १६५ घेतल्यानेही थोडी मदत होते. आणखी लहान माणसाला ६५०बी (नेहमीच्या ७००सीपेक्षा लहान) चाकं सुचवली जातात आणि भूमितीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण मग ५८४ मिमीचा टायर आणि ट्यूब कायम सोबत बाळगा. तसा गावातल्या दुकानातला २८ इंची टायर ६३५ मिमीचा असतो, तो ७००सीच्या ६२२ मिमी रिमलाही बसत नाहीच.

राहिली नळी. स्टील साधं क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) असो वा ८५३, ताठपणाचं मूल्य जवळपास एकच, सुमारे २०० गिगापास्कल. महाग नळी जास्त ताठ नसते, जास्त मजबूत असते. रेनॉल्ड्स ५२० या साध्या क्रोमोलीची ताकद ७०० ते ९०० मेगापास्कल, ८५३ ची १२५० च्या पुढे. ती ताकद भिंत पातळ करायला वापरतात, म्हणून वजन घटतं. ताठपणा ठरतो व्यासाने. भिंत तेवढीच ठेवून डाउन ट्यूब २८.६ वरून ३१.८ मिमी केली तर वाकण्याला विरोध सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ब्रँडआधी वजन सांगा: स्वतःचं आणि सामानाचं. ६५ किलोच्या आतल्या माणसाला २८.६ ची टॉप आणि ३१.८ ची डाउन ट्यूब पुरते. ८५ किलोच्या वर, किंवा उंच फ्रेमवर पुढे बॅग लावून उतरायचं असेल, तर ३१.८ आणि ३५ घ्या. नाहीतर वेगात हँडल थरथरायला लागतं. पोटात ०.४ मिमी भिंत असलेली नळी गाडीच्या रॅकने किंवा दुरुस्तीच्या स्टँडने आवळली की चेपते. स्टँडला नेहमी सीटपोस्ट धरावी.

जोडकामाबद्दल थोडक्यात. टिग (विजेच्या ठिणगीने केलेलं वेल्डिंग) सर्वांत हलकं, लवकर होणारं आणि कुठलाही कोन चालवून घेणारं. ८५३ हवेत थंड होताना कडक होते, त्यामुळे तिला टिग मानवतं. लग (सांध्यावरची धातूची बाही) लावून चांदीने ब्रेझिंग (वितळलेला धातू फटीत भरून जोडणं) कमी तापमानावर होतं आणि पुढे नळी बदलणंही सोपं जातं, पण लगांचे कोन आणि व्यास ठरलेले असतात. सुंदर दिसतात, हे कारणही पुरेसं आहे.

बॉटम ब्रॅकेट दोन्ही पत्रकांत बीएसए, ६८ मिमी, आट्यांचा. दाबून बसवायचा बीबी पावसात करकरायला लागतो आणि स्टीलच्या फ्रेमला त्याची गरजही नाही. केबल डाउन ट्यूबच्या बाहेरून घ्या. हेडसेटमधून लपवलेल्या ब्रेकच्या होजमुळे खालची बेअरिंग बदलायलासुद्धा ब्रेक उघडावा लागतो, आणि पावसाळ्यात आधी जाते ती तीच.

गिअरच्या बाबतीत अभिमान बाजूला ठेवा. ७० च्या केडेन्सला (मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्या) ३४/३० वर ताशी सुमारे १०.१ किलोमीटर वेग राखावा लागतो, ३४/३६ वर ८.५. दोनशे किलोमीटरनंतरच्या ताम्हिणी घाटात हा फरक गुडघ्यांना कळतो.

गंजाचं काम बांधतानाच करून घ्यायचं. बीबीच्या तळाला ४-५ मिमीचं पाणी जाण्याचं भोक, नळ्यांच्या आतून गंजरोधक मेणाचा फवारा किंवा जवसाचं तेल. मडगार्ड न लावणाऱ्याने सीट ट्यूबची चीर पुढच्या बाजूला मागावी, म्हणजे मागच्या चाकाचं पाणी आत जात नाही. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट स्टीलमध्ये दमट हवेत चिकटून बसते. कोकणात राहणाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी काढून ग्रीस लावावं. पावडर कोटिंग ओरखडे सोसतं, पण तडा गेला की ओल आतल्या आत पसरते, म्हणून खाली झिंकचा प्रायमर हवाच. फवाऱ्याचा रंग लवकर उडतो, पण घरी ठिगळ लावता येतं. आणि फ्रेम ताब्यात घेण्याआधी बीबीचे आटे टॅपने साफ झालेत का, फ्लॅट माउंटची पाठ आणि हेड ट्यूबची दोन्ही टोकं रंग काढून सपाट केली आहेत का, ते हात लावून बघा.