ओशमधला प्लोव आणि पाटीवरची तीन अक्षरं

किरगिझस्तानातल्या ओशला एमबीबीएसला आलेल्या आपल्याकडच्या पोरांचे दर सप्टेंबरला तेच मेसेज येतात. दादा, मेसचा डाळभात घशाखाली उतरत नाही, बाहेर कुठं खाऊ? प्रत्येकाला वेगळं काय लिहायचं, म्हणून हे एकदाच लिहून टाकतो.

जायमा बाजारातून अक-बुरा नदीच्या कडेनं चालत सुटायचं. जिथं दुपारी बाराला तळलेल्या कांद्याचा आणि दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, चरबीचा वास नाकात शिरेल, तिथं थांबायचं. निळं दार, आत तुतीचं झाड, झाडाखाली बसायचे लाकडी चौथरे. नाव लिहीत नाही. मालकांना आम्ही सगळे 'आका' म्हणतो, म्हणजे दादा, जरी ते साठीच्या पुढचे असले तरी. त्यांना विचारलं होतं, इंटरनेटवर लिहू का? म्हणाले, प्लोवबद्दल लिही, नावाचं राहू दे.

आधी प्लोव, म्हणजे इथला मटणाचा पुलाव. या शहराचं नाव ओश, आणि इथले उझबेक लोक प्लोवलाही 'ओश'च म्हणतात. म्हणजे ओशमध्ये ओश खायला निघालोय, असं म्हणायचं. तांदूळ उझगेनचा, देवझिरा. दाणा जाड, वर लालसर पूड, धुताना पाणी विटकरी होतं. लोखंडी कढईत चरबी, कांदा, मटण, मग बोटभर लांब कापलेलं गाजर, किसलेलं नाही. छोले, लसणाचे अख्खे गड्डे, आणि सगळ्यात वर तांदूळ. आका झारा घालून एकदाही ढवळत नाहीत. शेवटी ताटात उलटं वाढतात: खाली भात, वर गाजर, त्यावर बारीक कापलेलं मटण. लसणाची पाकळी दाबली की लोण्यासारखी बाहेर येते. आपल्या बिर्याणीशी तुलना करू नका, मसाला शोधत बसाल आणि हिरमोड होईल. सोबत टोमॅटो-कांद्याचं कचुंबर मागाच, नाहीतर चरबी जड जाते. हाफ प्लेट मी गेलो तेव्हा अडीचशे सोम होती. रुपयात जवळपास तेवढेच धरा.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावं. माझ्या रूममेटनं पहिल्याच दिवशी आत्मविश्वासानं सांगितलं, "सब्जी, सब्जी." आकांनी मान डोलावली आणि चिरलेल्या कच्च्या गाजराची बशी पुढ्यात आणून ठेवली. उझबेकमध्ये सब्जी म्हणजे गाजर. बिचाऱ्यानं ते नान बरोबर खाल्लं. नान मात्र आपलंच वाटतं, ते त्याला 'नोन' म्हणतात. पियोज म्हणजे कांदा, बोझोर, दुकोन, मेहमोन, काही समजावून सांगावंच लागत नाही. रशियन शिकायला मला वर्ष गेलं. ही भाषा निम्मी कानाला ओळखीची निघाली.

आणि चहाची पियाली अर्धीच भरून देतात म्हणून चिडू नका. पूर्ण भरली तर 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो.

आता पाटी. पहिले सहा महिने मी नुसता खात होतो. मग एका पावसाळी दुपारी दारात उभा असताना दिसलं, की पाटीवर किरिल, म्हणजे रशियनच्या, लिपीत 'आशकाना' लिहिलंय, पण निळ्या रंगाखालून जुनी अक्षरं डोकावतायत. आधी 'ओशखोना' होतं. दोन्हीचा अर्थ एकच, खानावळ. ओशखोना उझबेक, आशकाना किरगिझ. फरक तीन अक्षरांचा. सुताराला पैसे द्यायला नकोत म्हणून तीनच अक्षरं रंगवून बदलली, आका हसत म्हणाले. कधी बदलली, विचारलं. "दहानंतर," एवढंच.

2010. त्या वर्षी 10 जूनच्या रात्री या शहरात उझबेक आणि किरगिझ यांच्यात दंगल पेटली, ती जलाल-अबादपर्यंत पसरली. 400 हून अधिक माणसं गेली, त्यात किरगिझही होते, पण बहुसंख्य उझबेक. 1 लाखाहून जास्त लोक सीमा ओलांडून उझबेकिस्तानात पळाले. त्यानंतर शहरातल्या उझबेक पाट्या उतरल्या. मेझोन टीव्ही ही उझबेक वाहिनी बंद पडली, ओश टीव्हीवरची उझबेक भाषा गेली. बझार-कोरगोनचे अझिमजान अस्कारोव मानवाधिकारासाठी काम करायचे, चित्रंही काढायचे. त्यांना त्याच जूनमध्ये पकडलं, जन्मठेप झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं 2016 मध्ये सोडा म्हणून सांगितलं. 25 जुलै 2020 ला ते तुरुंगातच वारले. हे सगळं मी वाचून मिळवलं, आकांनी यातला एक शब्दही काढला नाही. त्यांचं 'नावाचं राहू दे' मला वाचल्यावर कळलं.

मी बेळगावचा. पाटी म्हटली की माझे कान टवकारतातच. 1956 साली आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आता पाटीवर 60 टक्के कन्नड हवी असा कायदा आहे, आणि माझ्या काकांच्या भांड्याच्या दुकानावरचं मराठी नाव दरवेळी थोडं थोडं बारीक होत गेलंय. ओश आणि बेळगाव एक नाही. आमच्याकडं असे मुडदे पडले नाहीत, तुलना ताणायची नाही. पण रंगाखालचं जुनं अक्षर वाचायची सवय मला घरूनच आहे.

आकांची नात दुपारी त्याच चौथऱ्यावर अभ्यास करते. ती उझबेक शाळेत शिकली. आता शाळेनंतरची विद्यापीठ प्रवेश परीक्षा किरगिझ किंवा रशियनमध्येच द्यायची. पूर्वी उझबेकमध्येही देता यायची, 2010 नंतर काही वर्षांत ती सोय गेली. त्यामुळं आईबाप मुलांना लहानपणीच रशियन शाळेत घालतात, आणि उझबेक वर्ग ओस पडतात. पुस्तकांचंही त्रांगडं आहे. सीमेपलीकडे उझबेकिस्ताननं 1993 मध्ये लॅटिन लिपी घेतली, इथले उझबेक अजून किरिलमध्ये लिहितात. पलीकडचं अंदिजान इथून गाडीनं साधारण तासाभरावर, पण तिथलं पुस्तक आणलं तर पोरीला अक्षरंच वेगळी.

हे मी आमच्या एका किरगिझ सरांपुढं काढलं तेव्हा ते रागावले नाहीत, पण म्हणाले, सोव्हिएत काळात राजधानीत किरगिझ बोललं की लोक गावंढळ समजायचे, आमची भाषा आम्ही नाही वाचवणार तर कोण? मला उत्तर सुचलं नाही. मुंबईत मराठी पाटी हवी म्हणताना मीही नेमकं हेच बोलतो. फक्त इथं पाटीखाली झाकला जाणारा शब्द माझ्या ओळखीच्या माणसाचा होता.

अगदीच सगळं पुसलं गेलंय असं नाही. बाबरच्या नावाचं उझबेक नाट्यगृह शहरात अजून चालू आहे. बाबर म्हटलं की आपल्याकडं डोकी तापतात, इथं तो अंदिजानचा पोरगा, सुलेमान-तू डोंगरावर त्यानं बांधलेली, नंतर पुन्हा उभारलेली खोली लोक आजही दाखवतात. मी एक नाटक पाहिलं. चाळीस टक्के समजलं असेल, हसायच्या जागी मात्र बरोबर हसलो.

तक्रारी. संडास मागच्या अंगणात आहे आणि हिवाळ्यात तिथवर जायला धाडस लागतं. कार्ड चालत नाही. दीडनंतर गेलात तर कढईचा तळ दिसतो, आणि शुक्रवारी तर साडेबारालाच. एकदा मला शिळा नोन मिळाला, सांगितल्यावर बदलून दिला. सेवा संथ आहे. घाई असेल तर समोरच्या टपरीवर तंदुरीतला सामसा घ्या, तोही वाईट नाही.

गेल्या सुट्टीहून येताना मी आकांसाठी बेळगावचा कुंदा आणला होता. डबा उघडला, त्यांनी बोटानं चाटला, डोळे मिटले. विचारलं, याला म्हणतात काय?

"कुंदा."

"कुंदा?" ते नातीकडं बघून हसायला लागले. तिनं मला समजावलं, आमच्यात कुंदा म्हणजे रोज.

"मग बोलाम," (म्हणजे पोरा) आका झाकण लावत म्हणाले, "रोज आणायचं ठरलं."