साइट बिल्डर वर्षभर वापरला: बाकी सगळं ठीक, पण बटनावरची रेघ तुटते ते तुटतेच

साइट बिल्डर म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट बनवायचं ऑनलाइन टूल, त्याच्या रिन्यूअलचा मेल आला आन डोकं फिरलं. पहिल्या वर्षी ज्या रेटनं प्लॅन दिला त्याच्या जवळपास अडीचपट आता मागतात, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि खाली लिहिलंय की ही किंमत खास तुमच्यासाठी. बाप्पा, खास माझ्यासाठी अडीचपट, बाकीच्यांसाठी किती असल! म्हणून हे लिहायला बसलो. कंपनीचं नाव टाकत नाही, सपोर्टकडं केलेली तक्रार अजून उघडी आहे. आणि ड्रॅग अँड ड्रॉपवाले हे बिल्डर ज्यानं एक वापरला त्याला दुसरा समजतोच, त्यामुळं फीचरची यादी सांगत बसत नाही.

मी वरुड भागात डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो, त्यासोबत साइट बनवून देतो. गिऱ्हाईक म्हणजे कृषी केंद्रवाले, लॉनवाले, शेंदुरजनाघाटकडचे संत्रा कलमांचे नर्सरीवाले. आधी यातल्या बऱ्याच जणांचं गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकटच्या साइटवर भागत होतं, ती सोय गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि मंग लोक विचारत आले की आता कुठं टाकू. प्रत्येकाला वर्डप्रेस लावून द्या, प्लगिन अपडेट करत बसा, हे माझ्याच्यानं होत नाही, म्हणून बिल्डर घेतला.

चांगलं आधी सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडते. ऑटोसेव्ह एकदम पक्का आहे. आमच्याकडं लाईन कधी जाईल याचा नेम नाही, यूपीएसची बॅटरी जुनी, कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो, पण परत सुरू केला की काम जिथल्या तिथं. आणि मोबाईल ॲप! याची मला अपेक्षाच नव्हती. नर्सरीवाल्या काकांना एकदा दाखवून दिलं, तेव्हापासून कलमाचा रेट आणि जंभेरीच्या खुंटावरची किती शिल्लक, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची किती, हे ते सोता बदलतात. पावसाळ्यात लागवडीच्या टाइमाला रेट रोज हलतो, आधी दर सकाळी मला फोन यायचा, तो बंद झाला. पांढुर्ण्याकडचे, सौसरकडचे कास्तकार साइटवर रेट पाहून इसार देतात. एवढ्यावरच पैसे वसूल झाले म्हणा ना.

आता बटन.

या बिल्डरच्या जवळपास प्रत्येक टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार नमुन्यात, बटनावरच्या आणि बारक्या लेबलांच्या मजकुराला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधात जादा जागा, देऊन ठेवलंय. इंग्रजीत ते बरोबरच आहे, तिथं बटनावर सगळी कॅपिटल अक्षरं टाकतात आणि कॅपिटल अक्षरं चिकटून आली की वाचायला जड जातात म्हणून डिझायनर लोक मधात थोडी जागा सोडतात. पण आपल्याकडं कॅपिटल नाही न भाऊ, आपली अक्षरं वरच्या रेघेनं बांधलेली. तेवढीच जागा इथं सोडली की प्रत्येक अक्षरापाशी रेघ तुटते. ‘चौकशी करा’ लिहिलं तर पाच तुकडे वेगवेगळे लटकतात आणि शब्द कुठं संपला ते कळत नाही, कारण दोन शब्दांमधली जागा आणि दोन अक्षरांमधली जागा जवळपास सारखीच दिसते. मोबाईलवर लहान साइझमध्ये तर आणखीनच.

पहिल्यांदा ते मी नाही, काकांनी पाहिलं. फोन डोळ्याजवळ नेऊन म्हणे, “रेघ काहून तुटली भाऊ? पेंटरनं बोर्डावर असं लिवलं असतं तर मी त्याले पैसे देले नसते.” आणि ते खरं आहे. आमच्या बसस्टँडवरचा जुना पेंटर आधी एका हातात रेघ ओढून घ्यायचा, मंग खाली अक्षरं टाकायचा. त्यानंतर मला ते इतकं दिसायला लागलं की कुठलीही साइट उघडली तर पहिले बटनच पाहतो. बायको म्हणते येडा झाला.

हेडिंगमध्ये याच्या उलटा कारभार. तिथं स्पेसिंग मायनसमध्ये, म्हणजे अक्षरं आत दाबलेली, आणि लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, एकदम कमी. त्यानं रेघ तुटत नाही पण काने-मात्रे एकमेकांवर चढतात, वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. ‘खात्रीशीर संत्रा कलमे’ दोन ओळीत आलं तर पाहूच नका. पण हेडिंगचं सेटिंग बदलता येतं, लाइन हाइट १.४ च्या आसपास ठेवली की काम भागते. बटनाचं सेटिंग मात्र लॉक. रंग बदला, गोलाई बदला, सावली टाका, हलणारं करा, फक्त अक्षरांमधली जागा नाही बदलता येत.

फॉन्टचं पण सांगून टाकतो. टेम्प्लेटमध्ये बहुतेक इंटर नावाचा फॉन्ट असतो. फॉन्ट चांगलाच आहे, पण त्यात देवनागरी नाही. मंग ब्राउझर जे सापडल ते लावतो, माझ्या विंडोजवर निर्मला, काकांच्या अँड्रॉइडवर नोटो, आणि एकच पान दोघांना वेगळं दिसतं, फोनवर भांडण होतं की तुम्ही म्हणता तसं नाही दिसत. त्याच्यापेक्षा सरळ मुक्ता लावा, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. बालू पण त्यांचाच, दुकानाच्या नावाला जाडजूड पाहिजे असल तर तो. पॉपिन्समध्ये पण देवनागरी आहे, इंग्रजी-मराठी मिसळ असल तर तो बरा दिसतो. ड्रिबल-बिहॅन्स या डिझाइनचे नमुने दाखवणाऱ्या साइटवर पाहून जे डिझाइन आपल्याला आवडतं त्यातलं अर्धं सौंदर्य त्या इंग्रजी फॉन्टचं असतं, मराठी टाकलं की उडून जातं, म्हणून मी आता नमुना पाहतानाच मनात मराठी मजकूर टाकून पाहतो, आणि दहातले आठ तिथंच बाद होतात.

तर सपोर्ट. पहिले बॉट. त्यानं मला कॅशे, म्हणजे ब्राउझरनं साठवलेला जुना डेटा, क्लिअर करायला लावला. मंग माणूस आला, त्यानंही कॅशे क्लिअर करायला लावला. स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर लाल गोल केले, तर उत्तर आलं की बटन तर व्यवस्थित दिसतंय आणि क्लिक पण होतंय. मी मंग इंग्रजी अक्षरांच्या मधातून एकेक उभी फट पाडलेलं चित्र बनवून पाठवलं, म्हटलं तुमच्या कंपनीचं नाव असं छापलं तर चालते का. दोन दिवस शांतता. त्यानंतर आलेलं उत्तर असं, की हा दोष नसून डिझाइनचा भाग आहे, आणि बदलायचंच असल तर कस्टम सीएसएस, म्हणजे दिसणं ठरवणारा सोताचा कोड, वापरा, ते वरच्या प्लॅनमध्ये मिळते. म्हणजे लेटर-स्पेसिंग नॉर्मल एवढी एक ओळ लिहायला बिझनेस प्लॅन घ्या! रेघ जोडायचे पैसे मागणारी कंपनी मी पहिल्यांदा पाहिली.

इथपर्यंत वाचून वाटल की हा एक स्टार देणार. मलाही तसंच वाटत होतं. पण दिवाळीच्या आसपास एक गोष्ट सापडली. साइट आपलीच आहे हे गूगलला पटवायचा सर्च कन्सोलचा व्हेरिफिकेशन टॅग (मेटा टॅग) टाकायला एक डब्बा असतो, तो आमच्या स्वस्तातल्या प्लॅनमध्ये पण उघडा. त्यात मेटा टॅगच्या खाली हळूच एक स्टाइल टॅग, म्हणजे तीच लेटर-स्पेसिंगची ओळ, चिकटवला. चालला! सगळ्या साइटवरची सगळी बटनं एका झटक्यात जुळली. त्या आनंदात मी चार जणांना हा बिल्डर घ्यायला सांगितला आणि सपोर्टवाल्यांना मनातल्या मनात माफ पण करून टाकलं.

मंग त्यांचं अपडेट आलं. आता तो डब्बा फक्त मेटा टॅग घेते, बाकी काही टाकलं की पुसून टाकते. आधी पब्लिश केलेली पानं जशीच्या तशी राह्यली, पण परत पब्लिश केलं की स्टाइल गायब. मला वाटलं आपण पब्लिशला हात लावायचा नाही, झालं. पण काका रोज सकाळी रेट बदलतात न, ॲपवरून! त्यांनी रेट टाकला, पब्लिश दाबलं, रेघ परत तुटली. जे फीचर सगळ्यात चांगलं त्यानंच घोळ केला.

त्याच अपडेटमध्ये एआयचं बटन पण आलंय, नाव आणि धंदा सांगा, एका मिनिटात साइट तयार. नर्सरीचं सांगितलं तर त्यानं फोटो टाकले ते घट्ट सालीच्या गोल गरगरीत परदेशी ऑरेंजचे, आपलं नागपुरी संत्रं कसं दिसते हे त्याला माहीतच नाही. मराठी मजकूर मात्र बरा लिहिते, अगदी खोटं कशाला बोलू, ‘हमारे बारे में’ थाटाचा एखादा शब्द सोडला तर दुरुस्तीला जास्त वेळ लागला नाही. बटन अर्थातच तुटलेलं.

काही जण म्हणतील दुसऱ्या टूलवर जा. जातो हो, पण आज ज्याच्यावर जाल ते उद्या कोणाचं असल याचा भरवसा काय. फिग्मा हे डिझाइनचं टूल अ‍ॅडोबी विकत घेणार म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये केवढा गाजावाजा झाला, २० अब्ज डॉलरचा सौदा, युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी अडवला, डिसेंबर २०२३ मध्ये मोडला आणि ठरल्याप्रमाणं अ‍ॅडोबीला १ अब्ज डॉलर फिग्माला द्यावे लागले. मंग जुलै २०२५ मध्ये फिग्मा शेअर बाजारात आली, ३३ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी शंभराच्या वर बंद झाला. गूगलनं डोमेन विकायचा धंदा २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेस या साइट बिल्डरवाल्या कंपनीला विकून टाकला. यात कोणी वाईट नाही, धंदा आहे तो, पण त्यांच्या सौद्यात आपली नर्सरी कुठंच नाही. म्हणून आता कुठलंही टूल घेताना मी पहिले एकच विचारतो, एचटीएमएल, म्हणजे साइटचा मूळ कोड, बाहेर काढता येते का. या बिल्डरमध्ये येत नाही. आणि डोमेन गिऱ्हाईकाच्या सोताच्या नावावर वेगळीकडून घ्या, बिल्डरसोबत फुकट भेटते म्हणून घेऊ नका, दुसऱ्या वर्षी तेच सगळ्यात महाग पडते.

लॉनवाल्याची आणि कृषी केंद्राची साइट मी काढली. साधी एचटीएमएल, एक सीएसएसची फाइल, क्लाउडफ्लेअर पेजेस या साइट ठेवायच्या सोयीवर, फुकट. गिटहब पेजेस पण फुकट आहे, पण त्यांच्या नियमात ऑनलाइन धंदा चालवायला ते वापरू नका असं लिहिलंय, म्हणून तिकडं नाही गेलो. पानाला लँग एमआर लावलं, म्हणजे पान मराठीत आहे असं कोडमध्ये सांगितलं. बिल्डर सगळ्याच पानांना इंग्रजी म्हणून नोंदवत होता, त्यामुळं ज्या फॉन्टमध्ये मराठीचा ल आणि श वेगळा दिलाय तिथंही हिंदी वळणाचा यायचा. आता बरोबर येतो. पान पण झटकन उघडतं, वावरात एकच काडी नेटवर्क असलं तरी. लॉनवाल्याला वर्षातून एकदा रेट बदलायचा असतो, तो मला फोन करल, मी बदलून देईन.

पण काकांचं काय? त्यांना रोज सोता बदलायचं आहे आणि एचटीएमएल फाइल मोबाईलवर उघडून दे म्हणणं म्हणजे त्यांना परत माझ्या फोनला लावणं. तेव्हा नर्सरीसाठी बिल्डर रिन्यू करतोय, हो, अडीचपट देऊन, फक्त एका साइटचा प्लॅन आणि तोही रिन्यूअल कॅन्सल करायला गेल्यावर त्यांनी जो डिस्काउंट दाखवला तो घेऊन. हे लक्षात ठेवा, कॅन्सलच्या पानावर जाऊन आल्याशिवाय पैसे भरू नका.

बटनाचा जुगाड सध्या असा केलाय की बटन वापरतच नाही. साधा टेक्स्ट बॉक्स, मागं केशरी रंग, कडा गोल, मजकुराला फोनची लिंक. टेक्स्ट बॉक्सचं लेटर स्पेसिंग शून्य करता येते. रेघ सलग, मुक्तामध्ये एकदम झकास दिसते, काकांनी पण पास केलं. एकच अडचण राह्यली, लिंक फक्त अक्षरांवर लागते, आजूबाजूच्या केशरी भागावर बोट पडलं तर काही होत नाही, आणि आपल्याकडचे लोक बटन दाबताना अक्षरावर नेम धरून दाबत नाहीत. पूर्ण डब्ब्याला लिंक लागल अशी काही युक्ती कोणाला माहीत असल, वरचा प्लॅन न घेता, तर सांगा. अक्षरांच्या दोन्ही बाजूंना स्पेस टाकून पाहिल्या, पब्लिश करताना तो त्या खाऊन टाकते.