डिस्चार्ज बुकातलं नाव दुरुस्त करून घेताना: रेकॉर्ड ऑफिस, सैनिक कल्याण कार्यालय आणि स्पर्श

माजी सैनिकाच्या कागदपत्रांतली नावाची चूक बहुधा दोन प्रसंगी उघडी पडते. एक हयातीच्या दाखल्याच्या वेळी, दुसरा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना. दुसरा प्रसंग फार वाईट, कारण ज्याच्या सहीने काम सोपं झालं असतं तो माणूस तेव्हा नसतो आणि सगळा पुरावा एकट्या बाईला गोळा करावा लागतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, पत्नीचं नाव चुकीचं असेल तर पेन्शन नियमित येतेय म्हणून थांबू नका. सैनिक हयात असताना केलेला अर्ज आणि त्याच्या मागे केलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्याकडच्या चुका ठरावीक असतात. लष्करी नोंदीत आडनाव आधी, आधारवर शेवटी. नोंदीत वडिलांचं नाव गाळलेलं, पॅनवर पूर्ण. पाटील, शिंदे, गायकवाड यांचं इंग्रजी स्पेलिंग भरतीच्या वेळी कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं. पत्नीच्या बाबतीत घोळ जास्त. माहेरचं नाव नोंदलं गेलं आणि सासरचं नाव रेशनकार्डावर आलं, किंवा नोंदीत ‘कमल’ आणि आधारवर ‘कमलबाई’. आपल्याला हे एकच नाव वाटतं, संगणकाला ती दोन माणसं दिसतात.

अर्जाआधी चूक मुळात कुठे आहे ते शोधा. सैनिकाचं मूळ रेकॉर्ड म्हणजे शीट रोल, तो रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे आपल्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयात असतो. कुटुंबाची नोंद त्यातल्या किंड्रेड रोलमध्ये. डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, त्यावरूनच भरलं जातं आणि रेकॉर्ड ऑफिसने पाठवलेल्या माहितीवर प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन कार्यालय (संरक्षण लेखा खात्याचं) पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश काढतं. शीट रोल बरोबर आणि फक्त बुकात चूक असेल, तर ती उतरवून घेणाऱ्याची चूक. अर्ज आणि पुरावा दिला की काम होण्यासारखं असतं. शीट रोलच चुकीचा असेल तर पार्ट टू ऑर्डर (नोंदीतला बदल अधिकृत करणारा लष्करी आदेश) निघाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. आणि लष्कराच्या तिन्ही कागदांत नाव एकसारखं असून फक्त आधार वेगळं असेल, तर आधारच बदला. तो रस्ता कितीतरी जवळचा आहे, तरी लोक उलटं करायला जातात. शीट रोलमध्ये काय लिहिलंय हे माहीत नसेल तर माहिती अधिकारात किंड्रेड रोलची प्रत मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

अर्ज आपल्याच रेकॉर्ड ऑफिसला करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्‌सचं कामठीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला. नौदलाच्या खलाशांसाठी मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क. अर्जाच्या माथ्यावर सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि जुन्या नोंदीत आहे तसंच नाव लिहा, चुकीचं असलं तरी. नव्या नावाने अर्ज केला तर फाइलच सापडत नाही.

प्रतिज्ञापत्रात सर्वांत जास्त चुका होतात. ते नुसतं मराठीत केलं तर सागरच्या कारकुनाला त्याचा उपयोग नाही, इंग्रजीत करा. कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे ते एकेक करून, अक्षर न् अक्षर जुळवून लिहा आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं स्पष्ट म्हणा. ‘नावात किरकोळ फरक आहे’ एवढ्यावर भागत नाही. नोटरी चालेल की प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं, हे आधी रेकॉर्ड ऑफिसला पत्राने विचारून घ्या. नाव पूर्णच बदलत असेल तर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात आणि राजपत्रातली प्रसिद्धी मागितली जाते. जाहिरातीचं कात्रण पाठवू नका, तारीख दिसेल असं अख्खं पान पाठवा. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांच्या साक्षांकित प्रती. सही नोकरीत असताना करत होतात तशीच करा. आता मराठीत आणि तेव्हा इंग्रजीत असेल तर तेवढ्यावरूनही कागद परत येऊ शकतो.

मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नका, आणि पाठवायचं झाल्यास स्पीड पोस्टनेच. नवं बुक मिळेल ही अपेक्षाही ठेवू नका. जुन्याच नोंदीवर पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख टाकून दुरुस्ती होते, अधिकाऱ्याची सही-शिक्का बसतो. घरी पेनाने केलेल्या खाडाखोडीने मात्र अख्ख्या बुकाबद्दल शंका निर्माण होते.

आता सेवेबद्दल. रेकॉर्ड ऑफिसच्या कामावर आमचा भरवसा आहे. कागद पूर्ण असतील तर तिथे शुल्क लागत नाही, ओळख लागत नाही, आणि एकदा निघालेली पार्ट टू ऑर्डर पक्की असते. उणीव पत्रव्यवहारात आहे. पाच कागद कमी असले तरी पत्रात एकच कळवलं जातं, तो पाठवला की दुसरा मागतात. म्हणूनच लागणाऱ्या कागदांची यादी पहिल्याच पत्रात लेखी मागायची.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही या साखळीतली सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत उपयोगी कडी. अर्ज तपासून देतात, इंग्रजी मसुदा करून देतात, शिफारसपत्रासह पुढे पाठवतात, तेही विनामूल्य. वीरनारी (शहीद सैनिकांच्या पत्नी) आणि वृद्ध विधवांनी तर थेट इथेच जावं. मात्र दुरुस्ती करण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही, तो रेकॉर्ड ऑफिसचाच.

स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा मोठा फायदा म्हणजे पेन्शनरची सगळी माहिती एका जागी दिसते, चूक कुठे आहे ते घरबसल्या कळतं आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. पण पडद्यावर नाव बदलायची विनंती टाकली म्हणजे मूळ नोंद बदलली, हा समज चुकीचा आहे. नावासाठी रेकॉर्ड ऑफिसचा आधार लागतोच. आधी पार्ट टू ऑर्डर, मग सुधारित पीपीओ, हा क्रम पाळला तर पोर्टल चांगलं चालतं. उलट केलं तर विनंती नाकारली जाते. संगणकाची सवय नसलेल्या ज्येष्ठांना हे एकट्याने जमणं कठीण आहे, त्यांनी सेवा केंद्रातून करून घ्यावं आणि ओटीपी स्वतःच्याच हाताने टाकावा.

पैसे घेऊन ‘दिल्लीहून करून आणतो’ म्हणणाऱ्या एजंटांची शिफारस आम्ही करणार नाही. ते हाच अर्ज याच पत्त्यावर पाठवतात. मूळ बुक त्यांच्या हाती देणं तर धोक्याचंच.

लेखी निवेदन देऊनही सहा महिने उत्तर नसेल, किंवा नकार आला असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात दाद मागता येते. त्यासाठी प्रत्येक अर्जाची प्रत आणि स्पीड पोस्टची पावती पहिल्या दिवसापासून जपायला हवी.

सुधारित पीपीओ आला की लगेच फाइलला लावू नका. सर्व्हिस नंबर डिस्चार्ज बुकाशी, बँक खातं पासबुकाशी, आणि पत्नीचं नाव व तिची जन्मतारीख आधारशी अक्षर लावून पडताळा, कारण एक चूक सुधारताना दुसरी शिरते. मग ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं), सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र आणि बँकेचं संयुक्त खातं याच नावावर करून घ्या. पार्ट टू ऑर्डरची एक प्रत पत्नीच्या स्वतःच्या कागदांत ठेवा, आणि ती कशासाठी आहे हे तिला नीट समजावून सांगा.