पिवळी रेघ आणि हिरवा दिवा : सावद्याजवळच्या एका टायरच्या दुकानाविषयी

जळगाव जिल्ह्यातील सावदा आणि फैजपूर यांच्या दरम्यान रस्त्याला लागून असलेल्या एका टायरच्या दुकानात आमचा केळी वाहणारा सहाचाकी टेम्पो गेली दोन वर्षे नियमित जातो. टायर बदलणे, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पंक्चर अशी नेहमीचीच कामे तेथे होतात आणि दर आसपासच्या दुकानांपेक्षा थोडे अधिकच आहेत. तरीही हे दुकान मी सोडलेले नाही, कारण चुकीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न तेथे गाडी जॅकवर चढण्यापूर्वीच सुटलेला असतो.

त्यांची पद्धत अशी. एक मिस्त्री हवेच्या गनने नट आवळतो. दुसरा मिस्त्री टॉर्क पान्याने, म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळला आहे का हे दाखवणाऱ्या पान्याने, प्रत्येक नट पुन्हा तपासतो आणि नटावरून रिमवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो, म्हणजे पुढे नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. तोपर्यंत गाडीची चावी या दुसऱ्या मिस्त्रीजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. पहिल्याच भेटीत मी घाई केली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, रेघ ओढल्याशिवाय चावी मागू नका." बसवलेले चाक सैल निघाले तर गाडी ओढून आणण्याचा खर्च दुकान देते आणि चालकाला कोणी बोल लावत नाही.

मी फॉर्म्युला वनच्या मोटार-शर्यती अनेक वर्षांपासून मनापासून पाहत आलो आहे आणि पिटमधल्या, म्हणजे शर्यतीदरम्यान थांबून चाके बदलण्याच्या जागेतल्या, चुकीबद्दल चालकाला होणारी शिक्षा मला कायम खटकत आली आहे. चार चाके बदलून गाडी सोडण्याचे काम आता दोन सेकंदांच्या आसपास होते. 2023 मध्ये कतारला मॅक्लारेन संघाने ते 1.80 सेकंदांत केले. त्या क्षणी चालक पट्ट्यांनी जखडलेला असतो, मागच्या चाकाचा नट बसला की नाही हे त्याला दिसणे शक्य नसते आणि शेजारून दुसरी गाडी येते आहे का, हेही त्याने आपल्या माणसांवर सोपवलेले असते. हिरवा दिवा लागला की निघणे एवढेच त्याच्या हाती उरते. दिवा चुकून लागला, तर ती चूक त्याची कशी ठरते?

पिटमधून गाडी धोकादायक रीतीने सोडण्याविरुद्धच्या नियमाच्या अंमलबजावणीतही सुसंगती दिसत नाही. 2008 मध्ये व्हॅलेन्सिया येथे फेरारीने फेलिपे मासाला एड्रियन सुटिलची गाडी शेजारून जात असतानाच पिटमधून सोडले. त्याबद्दल संघाला दहा हजार युरोंचा दंड झाला आणि मासाचा विजय कायम राहिला. पुढच्याच महिन्यात सिंगापूरला, इंधनाची नळी गाडीत अडकलेली असताना त्याला हिरवा दिवा मिळाला, तोही पुन्हा सुटिलच्याच वाटेत. नळी सोडवण्यात त्याची शर्यत आधीच हातची गेली होती. त्यावर त्याला पिट लेनमधून, म्हणजे पिटच्या मंद गतीच्या रस्त्यावरून, जाऊन वेळ गमावण्याची शिक्षाही भोगावी लागली. दोन्ही वेळा चूक संघाची होती. एकदा दंड संघाने भरला, एकदा चालकाने. 2019 मध्ये मोनॅकोला मॅक्स व्हर्स्टॅपेनला वाल्टेरी बोटासच्या वाटेत सोडले गेले, पाच सेकंदांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या क्रमांकावर येऊनही तो चौथा ठरला. त्याच वर्षी होकेनहाइमला शार्ल लक्लेरला तसेच सोडले गेले, तेव्हा फेरारीला पाच हजार युरो भरून सुटका मिळाली. मोनॅकोत गाड्या एकमेकींना लागल्या आणि होकेनहाइमला लागल्या नाहीत, हा फरक खरा आहे. पण दोन्हीकडे सोडण्याचा निर्णय चालकाचा नव्हता.

याविरुद्धचा युक्तिवाद मला मान्य आहे, पण अर्धाच. वेगवान पिटस्टॉपचा लाभ चालक घेतो, मग तोटाही त्याने सोसावा, असे म्हटले जाते. शिवाय एवढ्या श्रीमंत संघांना पाच हजार युरोंची भीती वाटणार नाही, हेही उघड आहे. धोका तर लहान नाही : 2013 मध्ये न्युर्बुर्गरिंगला मार्क वेबरच्या गाडीचे नीट न बसलेले चाक सुटून एका कॅमेरामनची हाडे मोडली, आणि 2018 मध्ये बहरीनला मागचे चाक बदलले गेलेले नसताना किमी रायकोनेनला हिरवा दिवा मिळाल्याने एका मेकॅनिकचा पाय मोडला. या दोन घटनांत वेबरच्या रेड बुल संघाला तीस हजार आणि फेरारीला पन्नास हजार युरोंचा दंड झाला. म्हणून शिक्षा कडकच हवी, परंतु ती संघांच्या गुणतक्त्यातून व्हावी. संघांचे आणि चालकांचे गुणतक्ते वेगळे आहेतच, आणि वर्षअखेरीस संघाला मिळणारा पैसा संघांच्या तक्त्यातल्या स्थानावर ठरतो. चुकीने सोडल्यामुळे चालकाने एखादी जागा पटकावली असेल तर ती त्याने परत करावी. त्यापलीकडे त्याच्याकडून काही घेऊ नये.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण हाच अन्याय माझ्या हातून झाला आहे. या दुकानात येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जात असू. तेथे चाक बसवून निघालेल्या टेम्पोचे मागचे डावे चाक भर उन्हाळ्यात माल भरलेला असताना डगमगू लागले. आमच्या चालकदादांनी गाडी वेळेवर बाजूला घेतली म्हणून अनर्थ टळला, पण केळी रस्त्यातच पिकू लागली आणि भाव पडला. गॅरेजवाल्याने हात वर केले आणि मी दादांचा त्या खेपेचा भत्ता कापला. नट तपासायला हवे होते, असे मी त्यांना ऐकवलेही. वास्तविक गाडी त्यांच्या ताब्यात आली तेव्हा चाकावर नट झाकणारी टोपी चढलेली होती.

या दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. दुहेरी तपासणीमुळे सहा चाकांना सहज दीड तास जातो, मे महिन्यात बसायला सावली पुरत नाही आणि कापणीच्या दिवसांत सकाळी आठनंतर गेल्यास रांग लागते. ऐंशी किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा आवळून घ्यायला ते बोलावतात. लांबच्या खेपेवर निघालेल्या गाडीला ते जमत नाही. मात्र आले तर त्याचे पैसे घेत नाहीत.

दादांचा कापलेला भत्ता मी गेल्या दिवाळीला परत केला. आता टेम्पो दादाच दुकानात नेतात आणि खिळ्यावरची चावी उचलण्याआधी सहाही चाकांभोवती एकदा फिरून पिवळ्या रेघा स्वतः पाहून घेतात.